टाकीचं पोट

१८ ऑगस्ट, रविवार

आज चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर पप्पांनी मला घरी जाऊच दिलं नाही. सरळ पाचूबंदरला, बोटीत बसवलेली नवी टाकी बघायला. माझ्या चांगल्या चपला चिखलात गेल्या, पण बोलायची सोय नव्हती. पप्पा, म्हणजे बोटीचे मालक एडवर्ड तांडेल, खूश असण्याचे दिवस वर्षातून चार, त्यातला हा एक.

जुनी डिझेलची टाकी गंजली होती. ती पेटीसारखी चौकोनी होती, माझ्या जन्माच्या आधीची. मासेमारी बंद असते त्या दोन महिन्यांत पप्पांनी ती काढून नवी बसवली. ही गोल आहे, ड्रम आडवा पाडून ठेवावा तशी. माप तेच, सहाशे लिटर. पण पप्पांना कौतुक टाकीचं नव्हतंच, आजोबांच्या काठीचं होतं. सागाची काठी, तिच्यावर सहा खाचा. एक खाच म्हणजे शंभर लिटर, मधल्या बारीक रेघा वीस-वीसच्या. टाकीच्या तोंडातून आत सोडायची, बाहेर काढायची, जिथवर ओली तिथवर वाचायची. टाकी बनवणाऱ्याकडे पप्पा ही काठीच घेऊन गेले आणि टाकीची उंची तिच्यावरून बेतून घेतली.

"बघ," ते म्हणाले, "भरली का बरोबर सहावी खाच. अर्धी का तिसरी. केसाचा फरक नाय. तुज्या लॅबमधी जमल काय असा?"

मी म्हटलं, नाही जमणार. मी वालीवच्या औषधांच्या कारखान्यात आहे. खोकल्याच्या सिरपात एक घटक जरा कमीजास्त झाला तर आमचे श्रीरंग सर अख्खी बॅच अडवतात. पण पप्पांपुढे लॅबचं नाव काढणं म्हणजे पाण्यात राहून माशाला पोहायला शिकवणं.

मर्विन दोर गुंडाळत उभा होता, माझ्या चपलांकडे बघून हसला. राजोडीचा हा मर्विन सहा वर्षं आमच्या बोटीवर खलाशी आहे, पप्पांचा उजवा हात. बोट बंदरात असली की रात्री राखणीला तोच झोपतो. माणूस चांगला आहे, पण दात फार दाखवतो.

२८ ऑगस्ट, बुधवार

पप्पांनी डिझेलची वही माझ्याकडे दिली. म्हणे, तुझं अक्षर बरं आहे. बोट संध्याकाळी लागते तेव्हा पप्पा काठी टाकून किती उरलं ते बघतात. सकाळी मच्छीमार सोसायटीचा पंप उघडला की टाकी काठोकाठ भरतात. पंपाच्या मीटरवर किती गेलं ते कळतं. दोन्ही आकडे मी लिहायचे.

पहिल्याच फेरीला गंमत. संध्याकाळी काठीवर चारशे वीस उरलेलं, म्हणजे सकाळी एकशे ऐंशी लागायला हवं. लागलं एकशे एक्कावन्न. मी विचारलं, "रात्रीत एकोणतीस लिटर आलं कुठून?" पप्पा म्हणाले, "माऊलीला विचार," आणि चर्चमध्ये मेणबत्ती लावून आले. मी पुढे विचार केला नाही. जास्त आलं की कोण विचार करतं?

१३ सप्टेंबर, शुक्रवार

हे लिहिताना हात जड झालाय, पण खोटं लिहायला दैनंदिनी कशाला ठेवायची?

डिझेल चोरीला जातंय. ६ तारखेला काठीवर एकशे वीस होतं, सकाळी चारशे ऐंशी लागायला हवं, लागलं पाचशे पंधरा. पस्तीस लिटर गायब. नंतरच्या फेरीत साठ उरलं होतं, तिथे एकोणतीस गायब. आज पुन्हा एकशे वीस, पुन्हा पस्तीस गायब. बंदरावर डिझेलचे कॅन असतात ते पस्तीस लिटरचेच. आणि रात्री बोटीवर असतो फक्त मर्विन.

मी वही तीनदा तपासली. बेरीज-वजाबाकी चोख आहे. मग जेवताना पप्पांना वही दाखवली. खरं सांगायचं तर जरा ऐटीतच दाखवली. पप्पा जेवायचे थांबले. मम्मी म्हणाली, "मर्विन? येडी जाली काय तू?" पण मी आकड्यावर बोट ठेवलं. आकड्यांना नातंगोतं नसतं, असं काहीतरी शहाणपणाचं मी बोलले. आता ते आठवून कसंतरी होतंय.

१५ सप्टेंबर, रविवार

घरात बोलावून विचारतील असं मला वाटलं होतं. पप्पांनी बंदरावर मासळीच्या भर लिलावात विचारलं. बायका टोपल्या घेऊन बसलेल्या, व्यापारी उभे, आणि पप्पांचा आवाज मुळातच भोंग्यासारखा.

"माज्या बोटीवर चोर नको."

मर्विनला आधी कळलंच नाही कोणाला म्हणतायत. कळलं तेव्हा एवढंच म्हणाला, "अंकल, सहा वरसं." मग बोटीची चावी आणि बॅटरी पप्पांच्या हातात ठेवली आणि चालत गेला. स्वतःची वळकटीसुद्धा घेतली नाही. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. वही माझ्या हातात होती, ते त्याला दिसलं असणारच.

दुपारी माझं डोकं दुखत होतं. मम्मीने कोळंबीचं सुकं केलं होतं, खाल्लं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

मर्विनची वळकटी आणि रेनकोट द्यायला राजोडीला गेले. दुसरं काही कारण नव्हतं. वस्तू आपल्याकडे पडून राहिल्या तर लोक आपल्यालाच चोर म्हणतील.

तो किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टबाहेर शिट्टी वाजवून पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होता. वाऱ्याचा नुसता वास घेऊन उद्या दर्या कसा असेल ते सांगणारा माणूस, आणि "सर, थोडा पीछे, थोडा पीछे" करत होता. मला रागच आला. कोणाचा ते कळेना.

तीन बोटवाल्यांना विचारलं, म्हणाला. तिघांनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं. त्याची आई मासळी घेऊन बाजारात जायची थांबलीय, बायका तिच्यासमोर डिझेलचा विषय काढतात म्हणून.

"मी इकलं तर कोनाला इकलं, तेवरा तरी शोधा ना," तो म्हणाला. "तुज्या वहीत लिवलंय काय त्याचा नाव?"

मी वळकटी आणि रेनकोट त्याच्या हातात दिले. मग जाता जाता त्याने एक गोष्ट सांगितली. दर्यात असतानाही असंच होतं. मधले दोन दिवस काठी उतरतच नाही. शेवटच्या दिवशी भराभर खाली येते, इंजिन तेच, वेग तोच. त्याला वाटत होतं इंजिनात बिघाड आहे, पप्पांना सांगणार होता.

एसटीत बसल्यावर लक्षात आलं, भर दर्यात डिझेल चोरून कोणी कोणाला विकणार?

२४ सप्टेंबर, मंगळवार

सापडलं! सापडलं, आणि कुठे सापडलं तर आमच्या मोरीशेजारच्या फडताळात.

मम्मी लोणच्यासाठी व्हिनेगर ठेवते ती पोटवाली बरणी. खाली निमुळती, मधे फुगलेली, वर पुन्हा निमुळती. मी उजेडात धरून म्हटलं, "एक तृतीयांश आहे अजून, या आठवड्याला पुरेल." मम्मीने वळूनही बघितलं नाही.

"तिसरा हिस्सा खयचा? पाव बी नसल. पोट हाय तवर बरनी सरत नाय. पोट सरला का दोन दिसांत तळ."

मी बरणी हातात घेऊन उभीच राहिले. मम्मी ओरडली, फोडशील म्हणून.

गोल टाकी आडवी आहे. तिलाही पोट आहे! आजोबांची काठी चौकोनी पेटीची. पेटीत वर काय, खाली काय, प्रत्येक बोटभर उंचीला सारखंच डिझेल. गोल टाकीत पोटाशी पुष्कळ आणि तळाशी थोडंसं. काठी तळाकडे एकशे वीस दाखवते तेव्हा आत एकशे वीस नसतंच. टाकी भरलेली असली आणि बरोबर अर्धी असली, तेव्हाच काठी खरं बोलते, आणि पप्पांनी तेवढंच तपासून बघितलं होतं. वही उघडली. मर्विन गेल्यावरच्या एकाच फेरीत तीनशे उरलं होतं, तेव्हा चोरी शून्य. चारशे वीस उरलं तेव्हा एकोणतीस जास्त. अर्ध्याच्या वर असलं की माऊलीची कृपा, अर्ध्याच्या खाली गेलं की मर्विन चोर. कुठला चोर टाकीचं पोट बघून चोरी करतो?

कॉलेजात वर्तुळखंडाचं क्षेत्रफळ शिकले होते. कागदावर गणित केलं. काठी एकशे वीस दाखवते तेव्हा पस्तीसचाच फरक येतो. साठ दाखवते तेव्हा एकोणतीसचा. रडू आलं, आनंदाने की कशाने कोण जाणे. रोज मिलिलिटर मोजणारी मी, आणि माप कशाचं आहे ते न बघता एका माणसाला चोर ठरवून मोकळी झाले. माझी बेरीज बरोबर होती म्हणे.

२५ सप्टेंबर, बुधवार

श्रीरंग सरांना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. ते म्हणाले, "गणित घरी राहू दे. बंदरावर गणित दाखवशील तर तुला वेड्यात काढतील. भरून दाखव." आणि लॅबमधलं वीस लिटरचं प्रमाणित माप सही घेऊन दिलं. म्हणाले, एक पोचा आला तर पगारातून कापेन.

सुट्टीनंतर आधी सोसायटीच्या पंपावर गेले. पंपवाल्याची परवानगी काढून तीनदा माप भरून बघितलं. तिन्ही वेळा गळ्याच्या रेघेवर बरोबर वीस. म्हणजे पंपही निर्दोष.

२८ सप्टेंबर, शनिवार

अंगाला डिझेलचा वास येतोय, तीनदा साबण लावूनही. खांदे भरून आलेत. आणि मी इतकी खूश आहे की झोप लागायची नाही.

पप्पा सकाळीच लग्नाला उत्तनला गेले. बोट काल लागलेली, आज भरायचीच होती. मी मम्मीला म्हटलं, मला कोणीतरी मदतीला हवं. ती म्हणाली, "कोनीतरी कशाला? मी काय मेले?" पन्नास वर्षांची माझी मम्मी फेलिशिया पदर खोचून बोटीवर चढली.

भरती होती म्हणून बोट सरळ तरंगत होती. ओहोटीला ती चिखलात बसून एका अंगावर कलते, मग आतलं डिझेलही कलतं आणि कुठलीच काठी खरं सांगत नाही. टाकीतलं उरलेलं सगळं उपसून बाहेर काढलं. मग पंपाच्या नळीखाली माप धरायचं, वीस लिटर झालं की टाकीत ओतायचं, निवळू द्यायचं, आणि सागाची नवी पट्टी आत सोडून ओल्या कडेवर ब्लेडने रेघ मारायची. असं तीस वेळा. मम्मी ओतायची, मी रेघ मारायची. पंधराव्या मापाला मी म्हटलं, थोडं सांडलं तर चालेल, हात दुखतायत. मम्मी म्हणाली, "त्या पोराचा नाव सांडलाय तेवरा पुरे." त्यानंतर एक थेंब सांडला नाही.

पट्टी आता माझ्यासमोर आहे. तळाशी रेघा लांब लांब, मधे दाटीवाटीने, वर पुन्हा लांब. दिसायला वेडीवाकडी, पण खरी.

परत येताना मम्मीने विचारलं, उत्तनचा मुलगा सांगून आलाय, जहाजावर नोकरीला, त्याचे लोक पुढच्या रविवारी मला बघायला येऊ का विचारतायत, काय सांगू? मी म्हटलं, आत्ता नको, टाकीचं काम आहे. मम्मी माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "बरा. टाकीचाच काम कर." कधी कधी मम्मी एकदम समजूतदारपणे वागते.

२९ सप्टेंबर, रविवार

पप्पांना पट्टी दाखवली. जे व्हायचं तेच झालं.

"माज्या बापाच्या काठीला खोटी म्हनतेस? चाळीस वरसं ती काठी..."

"काठी खोटी नाही पप्पा. टाकी बदलली."

"टाकी सहाशेची व्हती, सहाशेचीच हाय!"

मी गणिताचा कागद काढला. फार मोठी चूक. पप्पांनी तो बघितलाही नाही, त्यावर चष्मा ठेवला. मी पण गप्प राहायला हवं होतं, पण म्हणाले, "तुम्हाला माणूस गेला तरी चालेल, काठी जायला नको." पप्पांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता मारतील. लहानपणीही कधी मारलं नव्हतं.

तेव्हा मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पुढच्या येळी बोट लागली का रातभर थांबू नका. पंपवाल्याला बसवून ठेवा. सगल्यांच्या समोर दोनी काठ्या टाका आनि तवाच भरा. मर्विन राजोडीला हाय. मदी रात नाय, चोर नाय. मीटर काय बोलतो बघू."

पप्पा म्हणाले, "बघू." ते तावातावाने गेले, पण बघू म्हणाले हे मी लिहून ठेवते.

५ ऑक्टोबर, शनिवार

आजचं सगळं नीट, क्रमाने लिहिणार आहे.

बोट दुपारी भरतीला लागली. बातमी फुटली होती. लिलावाच्या बायका, शेजारच्या बोटीवाले, सोसायटीची माणसं, कोण नव्हतं? कोणीतरी ओरडलं, "एडवर्डची पोरगी डिझलची डॉक्टर जाली रे!" हशा. माझे कान तापले.

पप्पांनी आजोबांची काठी टाकली. एक खाच आणि वर एक रेघ. "एकशे वीस," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मीटर चारशे ऐंशीवर थांबला पायजे."

मी माझी पट्टी टाकली. खात्रीसाठी दोनदा टाकली. दोन्ही वेळा तेच. "पंच्याऐंशी. पाचशे पंधरा लागेल."

नळी लावली. मीटर धावायला लागला. शंभर. दोनशे. लोक गप्पा मारत होते. तीनशे. चारशेला गप्पा थांबल्या. चारशे सत्तरला पप्पांनी टाकीच्या तोंडात वाकून बघितलं.

चारशे ऐंशी. डिझेल वर आलं नव्हतं. पप्पा ताठ उभे राहिले.

चारशे नव्वद. पाचशे. मागच्या बायका टाचा उंचावून बघायला लागल्या. पाचशे दहा. डिझेल चमकत तोंडाशी आलं आणि पंपवाल्याने नळी दाबली. तो मीटरवर वाकला आणि मोठ्याने वाचलं, "पाचशे चौदा, पॉइंट सहा!"

मग जो आवाज झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. बायकांनी टोपल्या वाजवल्या. मघाशी मला डॉक्टर म्हणणारा माणूस माझ्याकडेच आला आणि म्हणाला, त्याचीही टाकी गोल आहे, त्याने गेल्या वर्षी सख्ख्या मेव्हण्याला बोटीवरून काढलंय. तो तिथेच टोपी काढून उभा राहिला. मला हसावं की रडावं कळेना. आणखी दोघांनी पट्टी करून देशील का विचारलं. मी म्हटलं, देईन, सगळ्यांना देईन!

पप्पा मात्र बोटीवरून उतरून सरळ लिलावात गेले. मला वाटलं रागावून निघाले. ते बरोबर त्याच जागी उभे राहिले, जिथे तीन आठवड्यांपूर्वी उभे होते, आणि हात वर करून चालू लिलाव थांबवला. आमच्या बंदरात लिलाव कोणासाठी थांबत नाही.

"मर्विन चोर नाय," पप्पा म्हणाले. "चूक माजी. मापायची चूक. मी हितंच बोल्लो व्हतो, म्हनून हितंच बोलतो." माझ्या वडिलांनी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली मी ऐकलेली नाही. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही.

घरी आल्यावर म्हणाले, "उद्या मिस्सानंतर राजोडी. एसटीनं नाय. ज्या बोटीवरून उतरवला, त्याच बोटीनं आनीन."

६ ऑक्टोबर, रविवार

राजोडीच्या किनाऱ्यावर रविवारची ही गर्दी. पाहुणे लोक पाण्यात, फोटो काढणारे, भेळवाले. भरतीला आमची बोट जेवढी आत येईल तेवढी आली आणि पप्पा मिस्साच्या कपड्यांत कमरेएवढ्या पाण्यात उतरले. पँटची इस्त्री, पॉलिश केलेले बूट, सगळ्यासकट. मी बोटीवरून बघत होते.

मर्विन शिट्टी तोंडात धरून रिसॉर्टच्या फाटकाशी उभा होता. बातमी त्याला कालच कळली असणार, तरी जागचा हलला नाही. पप्पा पाण्यातूनच ओरडले. पाहुण्यांना वाटलं कोणी बुडतंय.

"मर्विन! मी चुकलो रे! चल, बोट थांबलीय!"

तो हळूहळू पाण्यापर्यंत आला. घोट्याएवढ्या पाण्यात थांबला. मला भीती वाटली तो परत फिरेल. त्याला हक्क होता. खरं सांगते, त्या क्षणी मला टाकी, पट्टी, बंदरावरच्या टाळ्या, काहीच आठवत नव्हतं. फक्त त्याने यावं एवढंच वाटत होतं. बोटीला चांगला खलाशी हवा, म्हणून असेल.

त्याच्या मागून त्याची आई आली होती, डोक्यावर पदर घेऊन. पप्पांनी तिच्याकडे बघून हात जोडले. तिने मर्विनच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पाण्याकडे ढकललं.

तो आला. पप्पांना वाटेत त्याने दंडाला धरलं, कारण पप्पांचा बूट वाळूत अडकला होता. दोघे तसेच धरून बोटीपाशी आले. मर्विन वर चढला, ओलाचिंब, आणि सवयीप्रमाणे विचारलं, "अंकल, टाकीत किती हाय?"

पप्पा म्हणाले, "मना काय इचारतोस? हिला इचार."

मर्विनने माझ्याकडे बघितलं. लिलावातल्या त्या दिवसापासून तो माझ्याकडे असा सरळ बघत नव्हता. मी म्हटलं, "पाचशे ऐंशी."

दोन्ही काठ्या तिथेच टाकीला टेकून उभ्या होत्या. त्याने एकीलाही हात लावला नाही. "मग चला," म्हणाला, आणि इंजिन सुरू केलं.

किनाऱ्यावरचे पाहुणे का कोण जाणे टाळ्या वाजवायला लागले. मर्विनची आई पाण्यात उभी राहून हात हलवत होती. आम्ही बाहेर निघालो तेव्हा वारा मागून होता आणि मर्विन सुकाणू धरून सगळे दात दाखवत हसत होता. मी वसईचा किल्ला दिसेपर्यंत त्याच्याकडेच बघत होते.

घरी मम्मीने विचारलं, उत्तनच्या लोकांना काय कळवू? मी म्हटलं, नाही म्हणून कळव. ती म्हणाली, ते तिने टाकी मापली त्या शनिवारीच कळवलंय.